पोर्ट पंचवीस, भरीत आणि पांझरेचं पाणी

बुधवार, जळगाव

मनमाड सुटलं की हवा कोरडी होते. नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा अशी स्टेशनं मागे पडतात, कापसाच्या शेतांत शेवटची वेचणी चाललेली दिसते आणि डब्यात चढणाऱ्या माणसांचं बोलणं बदलतं. माझं आजोळ अमळनेरचं, त्यामुळे हा रस्ता शाळेच्या सुट्यांपासून ओळखीचा. या खेपेला मात्र मी कामासाठी निघाले होते.

पुण्यातल्या एका सहकारी संस्थेचे मेल-सर्व्हर सांभाळायला लागून मला अठरा वर्षं झाली. त्यातला अर्धा वेळ स्पॅम अडवण्यात गेला. उरलेला अर्धा गेला तो आमची खरी पत्रं कोणी स्पॅम समजून अडवू नयेत या धडपडीत. खानदेशातले वीस-बावीस छोटे इंटरनेट-चालक, बहुतेक पूर्वीचे केबलवाले, गुरुवारी एकत्र बसणार होते. त्यांच्यातल्या भुसावळच्या दादांचा फोन आला होता, "ताई, मेल जाऊ राह्यले, पण पोचू नाही राह्यले. एकदा या."

दादा जळगाव स्टेशनवर घ्यायला आले आणि थेट एमआयडीसीतल्या एका डाळ मिलवर घेऊन गेले. तूर, हरभरा, मूग इथे भरडून देशभर जातात. ऑफिसात सगळीकडे पिठूळ पिवळी धूळ आणि कोपऱ्यात पंख्याखाली मेल-सर्व्हर. मिलच्या शेठनी तो दादांच्या स्टॅटिक आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्यावर, स्वतःच चालवला आहे. दोन महिन्यांपासून दिल्ली-कोलकात्याच्या व्यापाऱ्यांना पाठवलेली भावपत्रकं परत येत होती. परत आलेल्या प्रत्येक संदेशात ५५० हा आकडा आणि त्यापुढे एकच मजकूर : तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे.

काळी यादी म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची नोंद. तिला विचारायची रीत सोपी आहे. आयपी पत्त्याचे चार आकडे उलट्या क्रमाने लिहायचे, पुढे यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या डिरेक्टरीला, विचारायचं. उत्तर आलं नाही तर पत्ता स्वच्छ. १२७.०.०.२ असं उत्तर आलं की पत्ता यादीत. पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली, १९९८ मध्ये अशा याद्या चालवणारी स्पॅमहाउस ही संस्था सुरू झाली, आणि आज जगातले बहुतेक मेल-सर्व्हर दार उघडण्याआधी अशा कुठल्या ना कुठल्या यादीला विचारून घेतात.

शेठचा पत्ता यादीत होता, पण त्यांच्या मशीननं काही केलेलं नव्हतं. दादांकडे २५६ पत्त्यांचा एक गठ्ठा आहे. त्यातल्याच एका पत्त्यावर एका दुकानाचा बिलं काढायचा कॉम्प्युटर होता. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर त्यात काहीतरी घुसलं आणि तो रात्र-रात्र थेट पोर्ट २५ वरून, म्हणजे मेल-सर्व्हरांच्या दारातून, जगभर मेल फेकत बसला. आधी तेवढाच पत्ता यादीत गेला. तक्रारी थांबेनात, दादांकडून उत्तर जाईना, तेव्हा यादीवाल्यांनी सगळा गठ्ठाच टाकला.

"शेजाऱ्याच्या घरात चोर निघाला म्हणून माझं पाणी तोडायचं का, ताई?" शेठनी विचारलं.

मला चटकन उत्तर देता आलं नाही. हे वाळीत टाकणंच आहे. माणसांना वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केला. सर्व्हरला तो लागू नाही, पण शेठचा प्रश्न त्याच मुळातून आलेला आहे. वाळीत टाकलेल्या माणसाचा खरा छळ हा की परत यायची वाट कोणी सांगत नाही. चांगली यादी ती वाट लिहून ठेवते : का टाकलं, काय दुरुस्त करायचं, कुठे कळवायचं. काही याद्या मात्र नाव काढायचे पैसे मागतात. अशा यादीवर विसंबून कोणाचं पत्र अडवणं मला पटत नाही, आणि माझ्या सर्व्हरवर मी तशी एकही ठेवलेली नाही.

शेठची बाजूही अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. त्यांच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत जुन्या होस्टिंगवाल्याचाच पत्ता होता. म्हणजे 'आमची पत्रं याच घरातून निघतात' असं जाहीर केलं होतं आणि ते घर चार वर्षांपूर्वी सोडलं होतं. पीटीआर नोंद, म्हणजे आयपीवरून उलट नाव सांगणारी नोंद, नव्हतीच. एसपीएफ दहा मिनिटांत सरळ केली. पीटीआर दादांनी तिथल्या तिथे लावली. यादीतून नाव काढण्याचा अर्ज मात्र मी थांबवला. दुकानातलं मशीन साफ झाल्याशिवाय अर्ज केला तर आठवडाभरात नाव पुन्हा आत, आणि दुसऱ्या वेळी बाहेर पडणं अवघड.

रात्री दादांकडे शेवभाजी. वहिनींनी तिखट बेताचं केलं होतं, पुण्याचा पाहुणा म्हणून. मी वरून ठेचा मागितला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

गुरुवार, तापीपलीकडे

भुसावळहून तापी ओलांडली की केळीचं राज्य लागतं. यावल-रावेरकडच्या बागा डिसेंबरच्या उन्हातसुद्धा गार असतात. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वांग्यांत बामणोदच्या वांग्याचं नाव मोठं, आणि आमची बैठक बामणोदजवळच्या एका शेतातच होती. इथली बोली अहिराणी नाही, लेवा गणबोली. तापीच्या अलीकडे-पलीकडे कान बदलावे लागतात हे पुण्यात सांगून कोणाला पटत नाही.

थोडं पुढे फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, डिसेंबर १९३६ चं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबूची सजावट केली होती. साने गुरुजी त्या तयारीत राबले. मोठ्या गोष्टी मोठ्या शहरातच बोलायच्या हा समज या भागानं तेव्हाच मोडला होता. म्हणून वांग्याच्या बांधावर पोर्ट २५ बद्दल बोलायला बसताना मला काही अप्रूप वाटलं नाही.

पऱ्हाट्यांचा जाळ केला होता. त्यात हिरवी-पांढरी लांबट वांगी भाजत घातली होती. भाजून सोललेली वांगी लाकडी बडगीत ठेचली जात होती, मिरच्या, लसूण आणि कांद्याची पात वेगळी. कळण्याच्या भाकरी थापायला दोन मावश्या बसल्या होत्या. बावीस जणांपैकी एकवीस आले. पिंपळनेरकडचे एक भाऊ येऊ शकले नाहीत, त्यांच्याकडे जेसीबीनं फायबर तोडली होती.

सुरुवात मलाच करायला सांगितली. मी ३ मे १९७८ पासून सुरू केलं. त्या दिवशी डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे चारशे जणांना नव्या कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकाचं न मागितलेलं आमंत्रण पाठवलं. स्पॅम हा शब्द तेव्हा या अर्थानं रूढ नव्हता, पण संताप होता. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पोचवायचे नियम लिहिले, ते आजही पाया म्हणून टिकून आहेत. त्यात पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती. नेटवर्कवर माणसंच इतकी थोडी होती की ओळख पुरेशी असायची. अनोळखी सर्व्हरचं पत्रसुद्धा आपल्यामार्फत पुढे ढकलणं हा तेव्हा शेजारधर्म होता. वाटसरूला पाणी द्यावं तसा. नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांनी त्याच धर्माचा फायदा घेतला आणि ओपन रिले ठेवणं बेजबाबदारपणाचं ठरलं.

"म्हणजे चांगुलपणाच नडला," भाकरीजवळच्या मावशी म्हणाल्या. त्या ऐकत असतील असं आम्हाला वाटलं नव्हतं.

मग मुद्द्याचं बोलणं निघालं. घरगुती ग्राहकांसाठी बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद करायचं का? घरातल्या माणसाला ते लागत नाही. मोबाईल किंवा कॉम्प्युटरवरून मेल पाठवताना पासवर्डसह पोर्ट ५८७ वापरतात. २५ हे सर्व्हरनं सर्व्हरशी बोलायचं दार आहे. घरच्या कनेक्शनवरून ते उघडं असलं की फायदा होतो तो शिरलेल्या किड्याचा. चोपड्याचे एक तरुण चालक याला ठाम विरोध करत होते. "ग्राहकानं पूर्ण इंटरनेटचे पैसे दिले. त्यातलं एक दार न विचारता बंद करणारे आपण कोण? आज २५, उद्या दुसरं." मला हा आक्षेप आवडला. ज्याच्या हातात तोडायची कात्री आहे त्यानं हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. शेवटी ठरलं ते असं : बंद करायचं, पण आधी कळवून. आणि मागेल त्याला, स्टॅटिक आयपी घेऊन, कारण न विचारता उघडून द्यायचं. चोपडेकरांनी "कारण न विचारता" हे शब्द वहीत लिहायला लावले.

यानंतर पाचोऱ्याकडच्या एका पोरानं जे सांगितलं त्यानं जाळाभोवतीची बडबड थांबली. त्याच्याकडे परदेशातून तक्रार आली होती : तुमच्या अमुक पत्त्यावरून अमुक वेळी हल्ला झाला. त्याच्या एका सार्वजनिक पत्त्यामागे दोनशे घरं आहेत. आयपीव्ही-४ चे पत्ते पुरत नाहीत, म्हणून सगळेच असं करतात. त्यानं नोंदी काढल्या, त्या वेळेला बसणारं एक घर सापडलं आणि त्यानं कनेक्शन तोडलं. घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं, मुलगी बारावीला. त्या तीन दिवस विनवत राहिल्या. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की तक्रारीतली वेळ युटीसी होती. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यानं ती भारतीय वेळ समजून वाचली. आणि तक्रारीत सोर्स पोर्टही, म्हणजे एका पत्त्यामागचं नेमकं कनेक्शन ओळखायचा आकडाही, नव्हता. म्हणजे वेळ बरोबर वाचली असती तरी दोनशेतलं एक घर खात्रीनं काढता आलंच नसतं.

"मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली," तो म्हणाला. "पण मुलीचा प्रॅक्टिकलचा फॉर्म राहिला तो राहिला."

कोणी काही बोललं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे, घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. कागद सगळ्यांनी वाचला होता. त्यातल्या घड्याळाच्या ओळीमागे एक शिवणयंत्र आणि एक बारावीची मुलगी असू शकते, हे त्या दिवशी कळलं.

जेवणाआधी भांडण झालं, तेही सांगायला हवं. एक जण क्लासवाल्यांना घाऊक मेलची सेवा विकतात. दहावीच्या पालकांचे पत्ते कुठून तरी घेतलेले. मी विचारलं, पालकांनी पत्ता दिला होता का? "पैसे देतो तो ग्राहक, ताई. क्लासची माहिती पाठवणं काय गुन्हा आहे?" मी म्हटलं, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीबद्दल बोलतो. तो बाजूला ठेवला तरी २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना (गुगलच्या हिशेबात दिवसाला सुमारे पाच हजार किंवा जास्त) अटी घातल्या आहेत : पत्र खरं कोणाचं हे पडताळणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी हव्यात, एका टिचकीत नाव काढता आलं पाहिजे आणि स्पॅम म्हणून येणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. हजारात तीन. "तुमच्या हजार पालकांपैकी तिघं चिडले की खलास. आणि तुमच्या गठ्ठ्यात कोणाची तरी डाळ मिल असते."

ते उठून मोटारसायकलपाशी गेले. दादांनी जाऊन खांद्यावर हात ठेवला आणि परत आणलं. त्यांनी हो म्हटलं नाही, पण पालकांची यादी यंदा विकत घेणार नाही एवढं म्हणाले. मला तेवढं पुरेसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

भरीत आलं तेव्हा अडीच वाजले होते. केळीच्या पानावर गरम भरीत, वरून कच्च्या तेलाची धार, कळण्याची भाकरी. पाच मिनिटं शेतात फक्त खाण्याचा आवाज. चालकांच्या बैठका जगभर भरतात. युरोपात राईप १९८९ पासून, उत्तर अमेरिकेत नॅनॉग १९९४ पासून. दक्षिण आशियाची सॅनॉग जानेवारी २००३ मध्ये काठमांडूत सुरू झाली. मी अशा काही बैठकांना गेले आहे. व्यासपीठावरची भाषणं नंतर वाचायला मिळतात. पण रात्री दोन वाजता अडचण आली की कामाला येतो तो चहाच्या रांगेत शेजारी उभा राहिलेला माणूस. नोव्हेंबर २००८ मध्ये स्पॅमवाल्यांची यंत्रं ठेवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या कंपनीची जोडणी वरच्या दोन पुरवठादारांनी तोडली आणि जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. ते होण्याआधी कोणीतरी पुरावा गोळा केला, कोणीतरी तो वाचला आणि वाचणाऱ्यानं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला.

जेवणानंतर एका शाळकरी वहीत एकवीस नावं, गावं, आयपीचे गठ्ठे आणि फोन नंबर उतरवले. फोन रात्री कोण उचलेल तेही. प्रत्येकाच्या नोंदणीत अब्यूज पेटी, म्हणजे तक्रारींची मेल-पेटी, असते. आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी पत्ते वाटणाऱ्या एपीएनिकनं २०१९ पासून ती जिवंत आहे का हे दर सहा महिन्यांनी तपासायला सुरुवात केली. एकवीस जणांपैकी ती पेटी रोज उघडणारे चार निघाले. दादा उभे राहिले आणि म्हणाले, "मी उघडत नव्हतो. शेठचं नुकसान त्यामुळे झालं. उद्यापासून सकाळी चहाच्या आधी उघडीन." वहीच्या फोटोप्रती प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये गेल्या. मूळ वही माझ्याकडे दिली, का ते कोणी सांगितलं नाही.

शुक्रवार, अमळनेर

दिवसभर आजोळी. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. ज्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० साने गुरुजी शिकवत होते तिथून मामा आजही सकाळी फेरी मारतात. विप्रोचा जन्म १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यानं झाला हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, मलाही पुन्हा सांगितलं.

त्यांना बँकेच्या नावानं खोटी मेल आली होती. पैसे गेले नाहीत, पण मन दुखावलं होतं. "दुसऱ्याचं नाव घालून पत्र पाठवता येतंच कसं?" मी जुनं पाकीट मागून घेतलं. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव असतं आणि आत पत्राखाली सही असते. दोन्ही वेगळी असू शकतात, पोस्ट तपासत नाही. मेलचंही तसंच. पाकिटावरचा पत्ता वेगळा, आतला वेगळा, आणि आपल्याला दिसतो तो आतला. एसपीएफ पाकीट तपासतं. डीमार्क विचारतं, पाकिटावरचं किंवा मोर्तबावरचं (म्हणजे डीकेआयएमच्या सहीतलं) नाव आतल्या नावाशी जुळतं का? नाही जुळलं तर काय करायचं हे खऱ्या मालकानं आधीच जाहीर केलेलं असतं : जाऊ दे, बाजूला ठेव किंवा परत पाठव.

मामा बराच वेळ पाकीट उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, "मंग पोस्टमन कसाले शे?"

पोस्टमन कशासाठी आहे मग. आम्ही पोस्टमनच आहोत, आणि हा प्रश्न गुरुवारच्या बैठकीत कोणी विचारला नव्हता.

शनिवार, धुळे

अमळनेर-धुळे एसटी. धुळ्यात मी मुद्दाम अर्धा दिवस राजवाडे संशोधन मंडळासाठी ठेवला होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून, माळ्यांवरची दप्तरं उतरवून कागद गोळा करायचे. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं ही संस्था उभी राहिली.

जुन्या मराठी पत्रांत मला ओढ वाटते ती शेवटच्या शिक्क्याची. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीला 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा असते. मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ घुसवली तर ती आमची नाही. मोर्तबसूद. डीकेआयएम हेच काम करतं. पाठवणारा सर्व्हर मजकुराचा आणि ठरावीक मथळ्यांचा हिशेब करून गुप्त किल्लीनं सही करतो. उघड किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते, कोणीही पडताळावं. वाटेत एक काना बदलला तरी सही जुळत नाही. राजवाड्यांना खोट्या कागदांची भारी चीड होती, आणि खरा-खोटा कागद ओळखायला ते फक्त शिक्का पाहून थांबत नसत : कागद कोणाच्या घरात मिळाला, त्या घराण्याकडे तो का असावा, हेही बघायचं. आम्हीही तसंच करतो. सही बरोबर असली म्हणजे पाठवणारा सज्जन असं नाही. चोरसुद्धा स्वतःच्या नावाची डीकेआयएम सही व्यवस्थित करतो. सहीवरून एवढंच कळतं की हा तोच आहे. तो कसा आहे, हे त्याच्या मागच्या वागण्यावरून ठरवावं लागतं.

संध्याकाळी धुळ्याच्या एका ताईंना भेटले. नवऱ्यामागे केबलचा धंदा त्यांनीच इंटरनेटकडे वळवला. त्यांचे पत्ते वरच्या पुरवठादाराकडून घेतलेले, त्यामुळे पीटीआर त्यांना स्वतः लावता येत नाही. नऊ आठवडे झाले, रोज फोन करतात, रोज नवा तक्रार क्रमांक मिळतो. याच्यावर माझ्याकडे तोड नव्हती. स्वतःचा गठ्ठा भारतात पत्ते वाटणाऱ्या आयआरआयएनएनकडून घ्या एवढंच सांगू शकले, आणि त्याला पैसे लागतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

रविवार, पिंपळनेर-सामोडे

बैठकीला येऊ न शकलेल्या भाऊंनी बोलावलं होतं. साक्रीवरून पिंपळनेर. डोंगर जवळ येतात, थंडी वाढते. "कव्हय उनात, ताई?" स्टँडवरच त्यांनी विचारलं. आत्ताच, म्हटलं. त्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही सामोड्याकडे निघालो. वाटेत मी त्यांना गुरुवारचं सगळं सांगितलं, शिवणकाम करणाऱ्या बाईंचंही.

मला फड बघायचा होता. पांझरा नदीवर तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात आणि पाणी उतारानं शेतांत जातं. बंधाऱ्याखालचं रान फडांत विभागलेलं. एका फडात एकच पीक, कुठल्या फडात काय घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, म्हणजे पाण्याची पाळी सोपी जाते. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसते, त्यामुळे पाणी कमी पडलं तर झळ सगळ्यांना थोडी-थोडी बसते. पाणी देणारा पाटकरी वेगळा, पिकं राखणारा जागल्या वेगळा. दोघांना मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची. उरलेलं पाणी परत नदीला, खालच्या बंधाऱ्यासाठी.

भाऊंच्या ओळखीचे एक आबा चारीच्या कडेला बसले होते. मी विचारलं, वरच्या माणसानं जास्त पाणी घेतलं तर? ते म्हणाले, पाटकऱ्याला कळतं, कारण तो रोज चारीवरून चालतो. "आन् नही चालना तर?" भाऊंनी विचारलं. आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊ गप्प झाले. न चालणारा पाटकरी ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती.

मला जाळाजवळचे ते चौघं आठवले, रोज पेटी उघडणारे.

आता हे सगळं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याचं-त्याचं पाणी ज्याच्या-त्याच्या शेतात झालं. काही ठिकाणी चाऱ्या बुजल्या आहेत. भाऊ लहानपणी याच पाटात पोहायला शिकले. बंधाऱ्याच्या भिंतीवर हात ठेवून ते सांगत होते की दर वर्षी गाळ काढायला सगळा गाव यायचा, न येणाऱ्याच्या घरी कोणी रागवायला जात नसे, फक्त विचारायला जात, बरं आहे ना म्हणून.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होते. दुकानातलं मशीन काल पुसून नव्यानं भरलं, पोर्ट २५ बंद केलं, एका यादीतून गठ्ठा सुटला, दुसरी अजून अडून आहे. ते झाल्यावर म्हणाले, "पण आज वेगळंच. पहाटेपासून शेठच्या सर्व्हरवर कोणीतरी पासवर्ड लावून बघू राह्यलं. पत्ता साक्री-पिंपळनेरकडचा वाटतो. वहीत त्या बाजूचं कोणी आहे का?"

वहीत नव्हतं. मी फोन भाऊंच्या हातात दिला.

भाऊ चारीच्या काठावर उकिडवे बसले, खिशातून पेन काढलं, तळहातावर लिहायला घेतलं. "राम राम दादा. हां, माझाच गठ्ठा तो. सोर्स पोर्ट सांगा." लिहिलं. "आणि वेळ?" मग पेन थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये विचारलं, "ही आपली वेळ ना दादा, का युटीसी?"